निंबाखाली रेंज येते

तू गेल्यावर पहिल्यांदा लायब्ररीतून फोन आला तेव्हा मी विहिरीवरच्या निंबाखालीच बसलो होतो. दुपारची वेळ. लायब्ररीचा नंबर दिसला, हात आपोआप गेला अन् नेहमीसारखं तोंडातून निघालं, "हं, बोल."

तिकडून तू बोलली नाही. वैशाली बोलली. तुझ्या हाताखाली शिकली अन् आता तुझ्या खुर्चीवर बसते, ती. "काका, तुमच्या मोबाइलवर आता एक आकडा आला असेल. तेवढा वाचून दाखवता का?"

आला होता. सहा आकडे, एका ओळीत, काहीच झालं नाही असे. तेरवी होऊन पाहुणे नुकते पांगले होते. मी म्हणालो, "ज्या माणसाले वाचून दाखवत होतो ते माणूस नाही आता." अन् फोन ठेवला.

तुले माझा राग आला असन. येऊ दे. तुझा राग येणंही आता मी माझ्याच मनानं धरून चालतो.

वैशाली म्हणते, कॉलेजच्या अंकात मॅडमवर तुम्हीपण लिहा. तुझा जन्म कुठं, शिक्षण काय, नोकरीले कधी लागली, ते प्राचार्य लिहिणार आहेत. लिहू दे. मी चौथी पास माणूस, माझ्याजवळ तारखा नाहीत. माझ्याजवळ आपलं भांडण आहे, ते अर्धं राह्यलं. मी तेच लिहितो. अन् वत्सला, लिहिताना पहिल्यांदा तुझं नाव घेतलं. तोंडानं मी ते लग्नातल्या उखाण्यापुरतं घेतलं होतं, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून.

लोकांले वाटते लायब्ररी म्हणजे कादंबऱ्या अन् पेपर. तुझी तशी नव्हती. आयुर्वेदाच्या कॉलेजची, सगळी औषधाची पुस्तकं. मागच्या खोलीत लोखंडी कपाट, त्यात गावोगावच्या वैद्यांच्या घरून आणलेल्या पोथ्या, लाल फडक्यात बांधलेल्या. त्या खोलीच्या भिंतीले ओल होती अन् ओलीमागं वाळवी. तू वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवायची. मी याच निंबाचा पाला वाळवून पोतं भरून द्यायचो. तरी एका दिवाळीच्या सुट्टीनंतर कपाट उघडलं, त एक पोथी वरून साबूत अन् आतून नुसती माती. त्या दिवशी तू घरी येऊन जेवली नाही. मी म्हणालो, "पुस्तकासाठी कोणी उपाशी राह्यते काय?" तू म्हणाली, "पुस्तक नव्हतं ते. कोण्या माणसाचं सारं आयुष्य होतं."

त्यानंतर ते क्लाउडचं खूळ आलं. खूळ हा शब्द माझा. तू पानापानाचे फोटो काढू लागली अन् घरी भाकर टाकता टाकता मले समजावू लागली.

"पानं सारी क्लाउडवर ठेवतो आता."

"ते कुठं असते?"

"दूर कुठंतरी मोठाल्या मशीन असतात, तिथं. आपण इथून उघडायची, जालन्याकडच्या कॉलेजानं तिथून उघडायची. आपली भिंत ओली झाली तरी पानाले काही होत नाही."

"म्हंजे माल आपला अन् वखार दुसऱ्याची. किल्ली?"

"किल्ली आपल्याजवळच."

"अन् त्यानं वखार बंद केली मंग? किल्ली काय नाकात घालतं?"

तू हसली नाही. मी आणखी चढलो. "माह्या बापानं ज्वारी कोणाच्या गोदामात नाही टाकली कधी. अंगणात पेव होतं, जमिनीत खोल. आपला दाणा आपल्या घराखाली."

"अन् त्या पेवात पाणी शिरलं तवा काय झालं, ते तुम्हीच सांगता ना लोकांले?"

"ज्वारी काळी झाली. पण घरचीच होती."

तू तवा खाली उतरवला अन् माझ्याकडं पाहून राह्यली. ते पाहणं मले आता रोज आठवते. राग नव्हता त्यात. एवढा अडेल माणूस आपल्याच वाट्याले काऊन आला, असा नवलाचा भाव होता, अन् थोडासा, खोटं काऊन बोलू, लाडाचाही होता.

गंमत अशी, की मी विरोधात अन् किल्ली माझ्याच जवळ. खातं उघडताना मशीननं मोबाइल नंबर मागितला. तेव्हा आपल्या घरात मोबाइल एकच, तो माझ्या बंडीच्या खिशात. तू तोच नंबर दिला. तेव्हापासून तू मशीनवर ते कपाट उघडाले गेली का आकडा यायचा माझ्याकडं, वावरात. वावरात रेंज फक्त निंबाखाली येते. मग तुझा फोन.

"अहो, आला काय?"

"आला."

"वाचा."

"सत्तेचाळीस, एकोणनव्वद, बारा."

"उघडलं." मग जराशी थांबायची. "जेवले काय?"

"जेवतो आता. ठेव."

रोज एवढंच. मी गावात पारावर ऐट मारायचो, एवढं मोठं कॉलेज माह्यावाचून उघडत नाही म्हणून. लोक म्हणायचे, बायको कॉलेजात अन् मालक ढेकळात, कोणाची ऐट कोण मारते? मी म्हणायचो, "तिले जाऊ कोणं देल्लं? म्याच ना." तेही खरंच होतं. तुझ्या लायब्ररीच्या कोर्सच्या परीक्षेले मी तुले सायकलवर सोडून दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसून राह्यलो होतो. ते तू विसरली नाही अन् मी विसरू दिलं नाही.

पण फोनवरचा तुझा आवाज निराळा होता. घरात तू हळू बोलायची, माझी माय असताना तशी सवय पडली होती, ती माय गेल्यावरही राह्यली. फोनवर मात्र सरळ, टणक, मॅडमचा आवाज. "वाचा." दुसऱ्या कोणाचं हुकूम केल्यासारखं बोलणं मी खपवून घेतलं नसतं.

पुढं लेकीनं तुले तुझा फोन घेऊन दिला. मी म्हणालो, "आता आकडे तुह्या नंबरावर घेत जाय. मले कामात कटकट होते." तू म्हणाली, "करतो बदली, सवड झाली का." तुले सवड झालीच नाही. रिटायर झाली, तरी पोथ्या राह्यल्या म्हणून जात राह्यली, अन् आकडा माझ्याकडंच येत राह्यला.

आता आपल्या खऱ्या भांडणाचं. देऊळगाव राजाचं.

तिथल्या म्हाताऱ्या वैद्याकडं त्यांच्या आज्याची पोथी आहे असं तुले कळलं. तू मले सोबत नेलं, कारण म्हातारा एकट्या बाईशी बोलन का नाही असं तुले वाटलं. आधी बालाजीचं दर्शन घेतलं, मग बाजारामागचं त्यांचं घर शोधलं. म्हातारा बाजेवर बसला होता. पहिल्याच झटक्यात नाही म्हणाला.

"बाई, घरचं औषध परक्याले सांगतलं का त्याचा गुण जाते. आज्यानं बजावून ठेवलं हाय."

"बाबा, पोथी मले नकोच. पानांचे फोटो द्या. पोथी तुमच्याच घरी राहीन."

"फोटोतून गुण जात नाही काय?"

तेवढ्यात त्यांची सून ताक घेऊन आली. तू एक घोट घेतला अन् तिलेच विचारलं, "सूनबाई, हे विरजण घरचंच काय?"

"नाही जी. मागं आमचं नासलं होतं, त शेजारच्या काकूकडून आणलं."

"अन् काकूनं कोणाकडून आणलं होतं?"

ती हसाले लागली. "आमच्याचकडून. आजीसासू होत्या तवा."

"मंग बाबा," तू म्हाताऱ्याकडं वळली, "तुमच्या घरचं विरजण काकूले देल्लं म्हणून तुमचं कमी झालं काय? उलट देल्लं होतं म्हणूनच परत आलं. पोथीचंही तसंच समजा. आम्ही ठेवतो, दुसरे ठेवतात. उद्या तुमच्या घरी काही झालं, त तुमचंच तुमाले परत."

 म्हाताऱ्यानं माझ्याकडं मान वळवली. "काहो, तुमाले पटते काय बाईचं म्हणणं?"

मी सरळ सांगितलं, "मले नाही पटत. दही निराळं अन् इद्या निराळी."

तुझा चेहरा मले दिसत होता. तू ताकाचा पेला तेवढा उचलला अन् संपवला. अन् म्हातारा असा हसाले लागला का त्याले ठसकाच लागला. "बायकोच्या कामाले आला अन् बायकोलेच आडवा! ज्या घरात मालकीण असं तोंडावर ऐकून घेते, ते घर खोटं नाही. दे सूनबाई, काढ पोथी."

तू तिथंच ओसरीवर बसून पानं उलटली अन् फोटो काढले. मी उन्हाची तिरीप पानावर येऊ नये म्हणून धोतराचा सोगा धरून उभा राह्यलो. इद्या निराळी म्हणणारा मीच.

येताना बसमध्ये मी म्हणालो, "पाह्य, माह्यामुळं मिळाली."

तू खिडकीबाहेर पाहत राह्यली. चिखली आली तरी बोलली नाही. उतरता उतरता म्हणाली, "दह्यामुळं."

तेव्हापासून हे चालू होतं. पोथी कोणामुळं मिळाली? सणावारी पाहुण्यांसमोर, लेकीच्या घरी, कुठंही तू दही वाढाले आली का मी म्हणायचो, "माह्यामुळं," अन् तू वाढता वाढता, "दह्यामुळं." लोकांले कळायचं नाही काय चाललं. आपल्याले कळायचं. त्याचा निकाल काही लागला नाही.

मग म्हातारा वारला. एका पावसाळ्यात त्या घराची मागची भिंत बसली. पोथी होती ती पेटी मातीखाली गेली. त्या दिवशी तुझा फोन वेळेच्या आधी आला. "अहो, जरा लवकर वाचा." मागं एक बाई रडत होती. मी आकडे वाचले. त्या दिवशी "जेवले काय" नव्हतं.

संध्याकाळी तू सांगितलं. म्हाताऱ्याची सून आली होती. तू पानं छापून, शिवून, लाल फडक्यात बांधून तिच्या ओटीत घातली. एवढं सांगून  तू ताटात दही वाढलं, रोजच्यापेक्षा जास्त. "पाह्यलं ना?" असं म्हणाली असती त मी भांडलो असतो, बरं झालं असतं. तू म्हणालीच नाही. मग माझ्याजवळ जे बोलणं होतं ते घशातच राह्यलं, दह्याच्या घासाखाली.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुझा आवाज गेला होता. वैशालीनं आकडा मागितला, मी खाटेशी उभा राहून वाचू लागलो, अन् तू डोळे मिटून ओठ हलवत होती. सत्तर. अठ्ठावीस. माझ्यासोबत म्हणत होती. नर्सले वाटलं तू जप करते.

त्यामुळं तू गेल्यावर मी आकडा दिला नाही. परत फोन आला, नाही दिला. लेकीनं जालन्याहून समजावलं, "बाबा, देऊन टाका ना. त्यांचं काम अडलं." मी म्हणालो, "अडू दे. माह्यंही अडलं."

शेवटी वैशाली घरी आली. बसली, तुझ्या फोटोले हात जोडले अन् म्हणाली, "काका,  पोथ्यांचं खातं तुमच्या आकड्याशिवाय उघडत नाही. इकडची पोरं बसली आहेत, दुसऱ्या कॉलेजची विचारतात. एकदा आकडा द्या, मी माझा नंबर टाकून घेते. मग तुम्हाला कधीच त्रास नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही."

आपण किती वाईट बोललो ते तिले समजलं नाही. मी म्हणालो, "मंग राहू दे. रोज माग, रोज देतो. बदली नाही करायची."

"पण काका, रोज मागायचं कामच नव्हतं कधी."

"म्हंजे?"

"उघडताना खाली एक लहान चौकट येते. या मशीनवर पुन्हा विचारू नका, म्हणून. तिच्यावर टिक केली की आकडा मागतच नाही. आपापल्या खात्यात आम्ही सगळे करतो. मॅडम नाही करायच्या. एकदा मीच केली, तर म्हणाल्या, काढ ती. मी म्हटलं, कशाला मॅडम, रोज काकांना कटकट. तर म्हणाल्या, होऊ दे कटकट. तेवढाच त्या माणसाला जेवायचा टाइम समजतो."

मी वैशालीले म्हणालो, "चहा घे पोरी," अन् आत गेलो. साखरेचा डबा समोर होता, तो काही केल्या दिसेना.

एवढी वर्षं. तू साऱ्या कॉलेजले ते मशीन शिकवलं अन् तुले एक टिक करता येत नव्हती, हे मी मानून चाललो. मले म्हणायची, सुरक्षेचं असते ते, रोज लागते. खोटारडी.

आता माझंही ऐक. मीही तुले म्हणायचो का फोन आला का मले काम टाकून निंबापर्यंत धावत यावं लागते. कोणी धावत येत नव्हतं. मी आधीच तिथं येऊन बसायचो. बैल सोडायचो, हातपाय धुवायचो, अन् फोन पुढ्यात दगडावर ठेवून बसायचो. कधी फोनले उशीर झाला त मले भाकर गोड लागायची नाही. तुले हे माहीत होतं काय? मले वाटते, होतं. तरी मी सांगाले पाहिजे होतं.

वैशाली चहा पिऊन गेली. मी आकडा दिला नाही. उलट आता त नाहीच द्यायचा असं ठरवलं. तू टिक केली नाही, मी काऊन करू?

दुसऱ्या दिवशी दूध तापवलं. विरजण लावाले गेलो त मडकं कोरडं. तुझ्या दुखण्यात अन् सुतकात कोणाचं लक्ष नव्हतं, वाळून पापुद्रा झाला होता. मी तसाच उभा. दूध घेऊन करू काय, समजेना. बाहेर कमळाबाई झाडून राह्यली होती, आपली शेजारीण. तिनं पाह्यलं. हातातला झाडू टाकून आत गेली अन् वाटी घेऊन आली.

"घ्या भाऊजी, विरजण."

"तुह्या घरचं?"

"माह्यं कुठलं? वैनीचंच हाय. मागच्या उन्हाळ्यात माह्यं सारं नासलं, त त्यायनंच देल्लं होतं. तेच चालू हाय आमच्या घरी."

मी वाटी धरली. थंड होती. कमळाबाई म्हणाली, "काय झालं भाऊजी?" मी म्हणालो, "काही नाही. वाटी धुवून देतो."

दार लोटलं, तुझ्या फोटोसमोर गेलो अन् मोठ्यानं म्हणालो, "बरं. दह्यामुळं." मग म्हणालो, "अर्धी. अर्धी माह्यामुळं." पुरा हरलो असतो त तूच मले ओळखलं नसतं.

दूध कोमट होईपर्यंत तिथंच बसलो. मले पेव दिसत होतं. आतली काळी ज्वारी दिसत होती, घरचीच, अन् कोणाच्याच कामाची नाही. मी आकडा खिशात दाबून बसलो त तुझ्या साऱ्या पोथ्यांचं तेच होईन. तू ओलीतून वाचवल्या, वाळवीतून वाचवल्या, अन् शेवटी त्या माझ्या बंडीत सडतील.

दुपारी निंबाखाली गेलो. मीच फोन लावला. "पोरी, मशीन चालू कर. तुह्या नंबरावर बदली करून घे."

तिकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आकडा आला. मी म्हणालो, "त्रेसष्ट, शहाण्णव..."

"काका, एक एक आकडा सांगा ना. ते शहाण्णव मला नाही समजत."

तुह्यावाचून कोणाले समजत नाही. दुसऱ्या कोणत्या दिवशी मी म्हणालो असतो, नाही समजत त शीक. पण मी चष्मा पुसला अन् लहान पोराले सांगावं तसं सुटं करून वाचलं. "सहा. तीन. नऊ. सहा." पुढचे दोन वाचायच्या आधी थोडा थांबलो. ती थांबली. तिनं घाई केली नाही, ते तिनं तुझ्याकडूनच घेतलं असन. मग वाचले.

"उघडलं," वैशाली म्हणाली. तुझाच शब्द.

झालं. किल्ली गेली. तुझं कपाट उघडं आहे. देऊळगावच्या त्या म्हाताऱ्याच्या आज्याचं अक्षर कोण कुठली पोरं वाचून राह्यली आहेत, अन् त्याचा गुण गेला असं काही मी ऐकलं नाही.

काल परत निंबाखाली होतो. सवय. हातपाय धुतले, फोन दगडावर ठेवला. तो वाजणार नाही हे मले माहीत होतं. तरी बसलो. ऊन दगडावरून सरकलं, सावली माझ्या पायावर आली, फोन तसाच. मग मी तो उचलला अन् लायब्ररीले लावला.

"काका? आता आकडा नाही लागत हो."

"माहीत हाय."

"मग?"

 मग जे ऐकत आलो तेच तोंडात आलं. म्हणालो, "जेवली काय?"

ती जराशी थांबली. म्हणाली, "नाही अजून. तुम्ही?"

"जेवतो आता. ठेव."

डबा उघडला. भाकर, ठेचा अन् दही. मीच लावलेलं. जास्त वेळ राह्यलं, आंबट झालं. तुझ्या हातासारखं नाही झालं, वत्सला. पण तुझंच आहे.